रातपाळीचा खर्ज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची एक डीपी आहे. पंचवीस वर्षे तिचा आवाज माझ्या कानावर पडतो आहे आणि पंचवीस वर्षे तो मी ऐकलेला नाही. भिवंडीत कान असाच घडतो. वरती मागांचा खडखडाट, त्याखाली मोटारींची घरघर, आणि या सगळ्याच्या तळाशी डीपीचा हुंकार. एका सुट्टीच्या दिवशी माग बंद होते. गंमत म्हणून मोबाइलवरचे सूर मोजायचे अ‍ॅप मी डीपीच्या कुंपणाशी धरले. काटा १०० हर्ट्झवर येऊन बसला. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरमधले लोखंड तिच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा कापते, म्हणून हुंकार १०० चा. डबल बेस या वाद्याची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली, तर ती ९८ वर बोलते. म्हणजे आमची डीपी गेली पंचवीस वर्षे बेसची मोकळी तार वाजवत होती, किंचित चढी.

पुढची पाने जॅझमधल्या बेसवादकाविषयी आहेत. त्यातही जो वाजवता वाजवता आयुष्यभर शिकवत राहिला, त्याच्याविषयी. भिवंडीत बसून असे पुस्तक का लिहायचे, हे मला खूप जणांनी विचारले. डीपीची गोष्ट हे त्याचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे या प्रस्तावनेत सांगायचा प्रयत्न करतो.

बेस हा शब्द भिवंडीला नवा नाही. आगरी घरातली हळद असो की गणपतीचे विसर्जन, 'बेस वाढव' ही आरोळी उठतेच. बेंजो पार्टीच्या टेम्पोवर स्पीकरांची भिंत रचलेली असते, आणि ती कामाला लागली की खिडक्यांच्या काचा आणि म्हाताऱ्यांची छाती एकदमच हादरते. पण तो बेस म्हणजे बटण आहे. मी ज्याविषयी लिहितो आहे तो माणूस आहे. त्याचा आवाज वाढवता येत नाही. खरे तर चांगल्या बेसवादकाचा आवाज वेगळा असा ऐकूच येत नाही. तो थांबला की मात्र सगळ्या वाद्यवृंदाच्या पायाखालची फरशी सरकल्यासारखे होते.

आपल्या श्रोत्याला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागू नये. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. डबल बेसची सर्वांत जाड तार त्याच्याही पुष्कळ खाली, ४१ वर बोलते. फरक असा, की तंबोऱ्याचा खर्ज जागचा हलत नाही. बेस चालतो. जॅझमध्ये त्याला चालता बेसच म्हणतात: दर मात्रेला एक स्वर, चार मात्रांचे चार, पावलासारखे. संवादिनीवर धरलेला नगमा तबलजीला सम दाखवत असतो. बेसचे कामही तेच, फक्त तो प्रत्येक आवर्तनात वेगळ्या वाटेने समेवर पोचतो. म्हणजे एकाच माणसाने तंबोरा, नगमा आणि ठेका या तिन्हींची काळजी वाहायची, आणि टाळ्या ट्रम्पेटवाल्याने घ्यायच्या.

या चालीला आकार देणाऱ्यांत वॉल्टर पेज हे नाव मोठे आहे. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३० च्या दशकात तो बेसवर होता. त्याच्या आधी, म्हणजे जॅझच्या अगदी सुरुवातीच्या काळात, खालचा आवाज बऱ्याचदा ट्युबा नावाचा पितळी भोंगा काढत असे. पुढे १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात जिमी ब्लँटन आला आणि त्याने बेसवर तान घेता येते हे दाखवून दिले. १९४२ मध्ये तो क्षयाने गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. इतिहासाची पुस्तके इथे थांबून उसासा टाकतात. मी थांबत नाही, कारण माझे लक्ष चटकन जळून गेलेल्यांकडे नाही. मला पाहायचे आहेत ते चाळीस चाळीस वर्षे रोज सकाळी उठून सराव करणारे आणि संध्याकाळी कुणाला तरी बोटे कुठे ठेवायची हे सांगणारे.

आता आपल्या गावाकडे, म्हणजे मुंबईकडे. मुंबईच्या जॅझची कथा साधारणपणे ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूमपासून सांगतात: १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद तिथे आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानिस्ट टेडी वेदरफर्ड. मला ती कथा गोव्यातल्या चर्चच्या पडवीपासून सुरू करावीशी वाटते. पोर्तुगीज काळापासून तिथल्या गावोगावी चर्चच्या आधाराने संगीताच्या शाळा चालत. शिकवणाऱ्याला 'मेस्त्री' म्हणत. पोराने आधी सोल्फेजो घोकायचे, म्हणजे कागदावरचा स्वर पाहून तोंडाने म्हणायचा; व्हायोलिनला हात नंतर. चर्चमध्ये वाजवता यावे म्हणून दिलेली ही विद्या पोटासाठी मुंबईला आली. धोबीतलावाच्या आणि माझगावच्या बाजूला गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या सामाईक खोल्या, होत्या. एका खोलीत बरेच उतारू, भिंतीला पेट्या, पेट्यांवर वाद्ये. हॉटेलांत जॅझ वाजवणारे हात मुख्यतः यांचे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट मूळचा आन्तोनियु शाव्हियेर वाझ, हळदोण्याचा. फ्रँक फर्नांड कुडचड्याचा.

१९४९ मध्ये मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला. साहेब दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पेला रिकामा झाला तशी नाचाची फरशीही रिकामी होऊ लागली, आणि रात्रीचे वादक दिवसा काम शोधू लागले. काम सापडले ते हिंदी चित्रपटांत. आपल्या संगीतकारांकडे चाली होत्या, पण पन्नास वाद्यांना एकाच वेळी काय वाजवायचे ते लिहून देणारा हात बहुतेकांकडे नव्हता. तो मेस्त्रीच्या शाळेतून आलेल्यांकडे होता. लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवलेले सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले. फ्रँक फर्नांड अनेक संगीतकारांचे साहाय्यक झाले आणि पुढे त्यांनी 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट काढला.

१९५१ चा 'अलबेला' इथे आठवावाच लागतो. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. नायक आणि दिग्दर्शक मास्टर भगवान, म्हणजे भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. आणि 'शोला जो भडके'मध्ये चक्क चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह. नगर जिल्ह्यातली चाल, गोव्याचा ट्रम्पेट, गिरणगावचे पाय. मुंबईचा जॅझ म्हणजे काय हे कुणी विचारले तर मी ताजचा फोटो दाखवत नाही, हे गाणे लावतो. कापडाच्या गावात राहणाऱ्याला त्यातली नाती लवकर उमगतात.

या सगळ्यात बेसवादक कुठे होता? मागच्या रांगेत, उभा. डबल बेस बसून वाजवायचा तरी उंच स्टुलावर. बहुतेक जण उभेच असतात. वाद्य सहा फुटांचे. लोकलच्या डब्यात ते म्हणजे एक जादा उतारू, तोही तिकीट न काढलेला. त्या काळच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, चित्रपटाचे असे; वाद्यवृंदाचे कुणाचेच नसे. ट्रम्पेटवाला निदान मधल्या तुकड्यात ओळखू येई. बेसवाल्याची खूण एवढीच, की गाणे ऐकताना आपला पाय आपोआप हलतो. पुढे बेस गिटार आली. लिओ फेंडरने ती १९५१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली. मुंबईच्या स्टुडिओंत तिचा खरा अंमल राहुलदेव बर्मन यांच्या काळातला. टोनी वाझ, चरणजित सिंग ही नावे तेव्हापासून जाणत्या कानांना माहीत आहेत. बेस पहिल्यांदा सहज टॅक्सीत मावू लागला. पण कॅसेटच्या कागदावर नाव तेव्हाही आले नाही.

म्हणून बेसवादकाची कारकीर्द तबकड्यांच्या यादीतून लिहिता येत नाही. ती मजुरीच्या इतिहासासारखीच लिहावी लागते: कुठल्या पाळीला होता, कुणाच्या हाताखाली शिकला, हाताखाली कोण होते. 'पाळी' हा शब्द मी कोटी करायला वापरत नाही. रेकॉर्डिंगच्या धंद्यात कामाच्या वेळेला 'शिफ्ट'च म्हणतात. हॉटेलची रात्र, स्टुडिओची शिफ्ट, आणि या दोन्हींच्या फटीत ट्यूशन. आमच्याकडचा विणकर दिवसाला बारा तास मागावर उभा असतो. हातावरचे घट्टे सोडले तर दोघांत साम्य शोधू नये असे मी ठरवले होते. ते जमले नाही.

शिकवणे हे या कारकिर्दीतले नेमके काय असते? आपल्याकडे समज असा, की वाजवणे थकले की माणूस शिकवायला लागतो. मुंबईतच पाहिले तर हा समज टिकत नाही. अँथनी गोन्सालविस माजोर्ड्याचे, वडील तिथले मेस्त्री. १९४३ मध्ये, ऐन सोळाव्या वर्षी, मुंबईला आले आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. ते बेसवाले नव्हते आणि निखळ जॅझवालेही नव्हते. तरी या पुस्तकाच्या दारात त्यांना उभे केले आहे, कारण ऐन उमेदीत, हात कामाला पुरत नसताना, त्यांनी शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांत प्यारेलाल होते, राहुलदेव बर्मन होते. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादकांचा वृंद उभा केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. राग भारतीय, मांडणी सिंफनीची. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले, मग परत येऊन गोव्यात राहिले, आणि २०१२ मध्ये वारले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या अंड्यातून निघालेल्या साहेबाचे नाव हे प्यारेलाल या शिष्याने गुरूला घातलेले नमन आहे, हे ते गाणे म्हणत नाचणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेट वाजवत आणि नोटेशन शिकवत. चित्रपटांतल्या वादकांची एक पिढीच त्यांच्या हाताखालून गेली. गुरुपौर्णिमा, गंडा, घराणे या शब्दांनी आपण संगीताचा वंशवृक्ष काढतो. या वृक्षालाही मुळे आहेत, फक्त ती कुणी खणली नाहीत.

अमेरिकेत अशा वादक-शिक्षकांची नोंद अधिक नेटकी आहे, म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग तिकडचा आहे. त्यातल्या एका माणसाविषयी इथेच सविस्तर सांगतो, कारण त्याच्यामुळे मी या विषयात पडलो.

रिचर्ड डेव्हिस १९३० मध्ये शिकागोत जन्मला. काळ्यांच्या वस्तीतल्या ड्यूसेबल हायस्कूलमध्ये शिकला. तिथे वॉल्टर डायेट नावाचे संगीतशिक्षक होते, सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणत. नगरपालिकेच्या शाळेतला बँडमास्तर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर १५ ऑगस्टची परेड येते. या बँडमास्तरच्या हाताखालून नॅट किंग कोल गेला, सॅक्सोफोनवाले जीन अ‍ॅमन्स आणि जॉनी ग्रिफिन गेले. डेव्हिसला बेस तिथेच मिळाला. त्याला हवे होते सिंफनीतले स्थान. तसे शिक्षणही त्याने शिकागोतल्या उत्तम वादकांकडे घेतले. पण सिंफनीची दारे त्या काळी काळ्या वादकाला जवळजवळ बंद होती. त्याने व्हँडरकुक कॉलेजात प्रवेश घेतला. हे कॉलेज संगीताचे शिक्षक घडवते. म्हणजे जॅझमध्ये नाव होण्याआधीच त्याच्या हातात शिकवण्याची विद्या होती.

१९५४ मध्ये पियानिस्ट डॉन शर्लीबरोबर तो न्यूयॉर्कला गेला. मग पाचसहा वर्षे सारा व्हॉनच्या साथीला. १९६४ मध्ये एरिक डॉल्फीच्या 'आउट टू लंच'वर आहे तो. त्या तबकडीत बेस चालत नाही, ठेचकाळतो, मागे वळून पाहतो, मधेच वाट सोडतो, आणि तरीही कुणाला पडू देत नाही. १९६८ मध्ये व्हॅन मॉरिसन या आयरिश गायकाच्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स'वर आहे, आणि तिथे सबंध तबकडी त्याच्या खांद्यावर आहे. स्ट्राविन्स्की आणि बर्नस्टाइन यांच्या हाताखालीही तो वाजवून गेला. दारे किलकिली झाली होती. मागणी अशी की दिवसाला दोन दोन शिफ्ट. आणि १९७७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, हे सगळे सोडून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला गेला. बर्फाचे गाव, विद्यार्थ्यांचे गाव. तिथे त्याने २०१६ पर्यंत शिकवले. बेस, जॅझचा इतिहास, आणि जोडीला वर्णद्वेषाविरुद्धचे काम. १९९३ मध्ये त्याने लहान बेसवादकांसाठी एक संस्था काढली. २०२३ मध्ये तो वारला.

त्याच्यावर लिहिणारे 'न्यूयॉर्क सोडले' या वाक्यावर अडखळतात, जणू काही चुकलेच. मला वाटते, तो ड्यूसेबल हायस्कूलला परत गेला. पत्ता तेवढा वेगळा होता.

बेसकडे सहसा कुणी आवडीने जात नाही, हेही या लोकांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते. चार्ल्स मिंगस बेसच्या आधी चेलो वाजवत होता. रॉन कार्टर दहाव्या वर्षापासून चेलो वाजवत होता; गोऱ्या मुलांना संधी मिळतात आणि आपल्याला नाही, हे कळल्यावर शाळेतच त्याने बेस उचलला. पुढे ईस्टमनची पदवी, मॅनहॅटनची पदव्युत्तर पदवी, माइल्स डेव्हिसबरोबर १९६३ ते १९६८, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अनेक वर्षे अध्यापन. २०१५ मध्ये गिनेसने मोजले तेव्हा त्याच्या नावावर २२२१ ध्वनिमुद्रणे निघाली, जगातल्या कुठल्याही जॅझ बेसवादकापेक्षा जास्त. यातला प्रत्येक आकडा एक हजेरी आहे. मस्टरच्या भाषेत वाचला, तर या विक्रमाचा अर्थ अधिक चांगला लागतो.

आणि मुंबईला येऊन गेलेला यूजीन राइट. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डेव्ह ब्रूबेकची चौकडी दौऱ्यावर धाडली: पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. मुंबईत ब्रूबेक सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवत बसला, हे वृत्तान्तांत येते. बेसवर होता राइट, त्याच वर्षी चौकडीत आलेला. आपला देश किती मोकळा आहे हे जगाला दाखवायला सरकारने ज्याला फिरवले, त्याच राइटला दोन वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कॉलेजांनी रंगमंचावर चढू द्यायचे नाकारले. गोरा बेसवाला आणा, म्हणाली. ब्रूबेकने नकार दिला आणि त्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. एरवी कुणाला न दिसणारा बेसवादक अडवायच्या वेळी मात्र सर्वांत आधी दिसला. राइटनेही पुढे शिकवले. ९७ वर्षे जगला.

आता मधल्या एका आडवळणावर जातो. ते टाळता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे मामा त्यांतले एक, परळच्या एका गिरणीतल्या साचाखात्यात. गिरण्यांत मागाला 'साचा' म्हणत. संप विस्कटत गेला आणि कापड विणणे मुंबईबाहेर, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत सरकले. गिरण्यांतले जुने साचेही विकत घेऊन इकडे आणले गेले. मामाही आले, साच्यांच्या मागोमाग. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात 'ब्लू फ्रॉग' नावाचा संगीताचा क्लब उघडला. २०१६ पर्यंत तो चालला. २०१३ मध्ये सन मिल कंपाउंडात 'ट्रू स्कूल ऑफ म्युझिक' सुरू झाले. साचे भिवंडीला आले आणि त्यांच्या जागी जॅझ गेला. या वाक्यावर हळहळण्याची एक पद्धत आहे, लेखकांची आवडती. मी तिच्यातून वाचलो ते मामांमुळे.

एकदा मी त्यांना त्या क्लबात घेऊन गेलो. वय सत्तरीच्या वर, अंगात पांढरा सदरा. आत शिरल्यावर छताकडे पाहून त्यांनी विचारले, "हितं कुठलं खातं व्हतं?" मला सांगता आले नाही. चौघांचा संच वाजवत होता. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम, बेस. मामांना ऐकू कमी येते. साचाखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान वरच्या स्वरांना आधी मुकतो, ४००० हर्ट्झच्या आसपास. खालचे शेवटपर्यंत टिकतात. सॅक्सोफोनवाला डोळे मिटून वाजवत होता आणि लोक टाळ्या देत होते. मामा त्याच्याकडे पाहतही नव्हते. त्यांनी तळवा टेबलावर ठेवला होता आणि नजर मागच्या उभ्या माणसावर.

"ह्यो एकटाच नीट वाजवतोय," ते म्हणाले. "बाकीचे नुस्ते तोंड हालवतायत."

गर्दीतल्या सगळ्यांना जो ऐकू येत नव्हता, तो एकटा त्यांना येत होता. मी तोवर जॅझ ऐकत होतो बरीच वर्षे, पुस्तकेही वाचली होती. बेस ऐकायला मला त्या रात्री मामांनी शिकवले.

त्यानंतर मी शिकायला लागलो, चाळिशी उलटल्यावर. भिवंडी रोडहून वसईला दिव्याकडून येणारी गाडी जाते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या आहेत. चुकली की क्लास बुडाला. वसईत एक निवृत्त बेसवादक आहेत, ऑर्केस्ट्रात आणि हॉटेलांत उमर गेलेली. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेनुसार या पुस्तकात कुठेच नाही. पहिले तीन आठवडे त्यांनी मला वाद्याला हात लावू दिला नाही. वाडीतल्या अंगणात मला चालायला लावले, चार मोजत, आणि प्रत्येक पावलाला स्वराचे नाव घेत. शेजारचे लोक बघायचे. "बोटं मागनं," सर म्हणायचे, "आधी पाय." चौथ्या आठवड्यात मोकळ्या तारा. सहाव्यात पहिले बोट. दीड वर्षानंतर एकदा त्यांनी विचारले, "काल ड्रमरला सोडून कुठे गेला होतास?" तेव्हा कळले, की आपले वाजवणे कुणी तरी ऐकू लागले आहे.

हे सांगतो आहे ते पुस्तक कुणी लिहिले याचा अंदाज यावा म्हणून. मी समीक्षक नाही, वादक तर त्याहून नाही. विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थ्याला शिक्षक दिसतात. त्यामुळे या पुस्तकात तबकड्यांपेक्षा वर्गखोल्या जास्त आहेत. तांत्रिक भाग तिसऱ्या प्रकरणात आहे; कंटाळा आला तर ओलांडून पुढे जावे, सर म्हणतात की ते वाचून कुणी बेसवाला झालेला नाही. वाचताना काही ऐकायचे असेल तर माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' घ्यावी आणि पहिला तुकडा लावावा. तिथे सुरुवातीची गोष्ट पॉल चेंबर्सचा बेस सांगतो, बाकीचे त्याला हुंकार देतात. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. तो स्पीकर मामांच्या कानाच्या बरोबर उलटा असतो.

डीपीची गोष्ट मी सरांना फोनवर सांगितली होती. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तार डीपीला लावू नको हं. तिला कोण सांगणार उतरायला?"

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळच्या गाडीत बेस गिटारची लांब काळी पिशवी गुडघ्यांत धरून बसलो होतो. समोर पद्मानगरचे एक वयस्कर विणकर होते. पिशवीचा आकार बघून त्यांना ताका वाटला असावा.

"काय माल आहे?"

"तारा आहेत," मी म्हटले. "वाजवायच्या."

"किती काउंटच्या?"

सुताला काउंट असतो तसा तारांनाही जाडीचा आकडा असतो. मी सांगितले, पंचेचाळीसपासून एकशेपाचपर्यंत. सुताचा आकडा जेवढा मोठा तेवढे सूत बारीक, आणि तारेचे नेमके उलटे, एवढे मला तेव्हा सुचले नाही. त्यांनी भुवया उंचावल्या, पिशवीकडे आदराने पाहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "एकशेपाच! इतकं बारीक आपल्याकडे कुणी काढत नाही."